घराचे भाव उतरत असतील तेव्हा: पालीतून घर शोधणाऱ्यांसाठी

मुंबई–गोवा महामार्गाने हातखंब्याहून दक्षिणेकडे निघाले की पाली लागते. इथून एक रस्ता लांज्याकडे जातो, दुसरा नाणीज, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरला. रत्नागिरी शहर साधारण वीस किलोमीटरवर आहे. अशा तिठ्यावरच्या गावात राहणाऱ्या किंवा इथले मूळ असलेल्या माणसापुढे घर घ्यायचे म्हटले की तीन-चार वाटा असतात. पालीतच चार-पाच गुंठे घेऊन चिऱ्याचे घर बांधावे, रत्नागिरीत नाचणे, कुवारबाव, मिरजोळे भागात फ्लॅट घ्यावा, नोकरी मुंबईत आहे म्हणून विरार-बदलापूर-पनवेलकडे बघावे, किंवा काही वर्षे भाड्याने राहावे. बाजार चढता असला की घाईमुळे चुका होतात. बाजार उतरता असला की चुका वेगळ्या असतात: काहीजण ‘अजून पडेल’ म्हणत वर्षानुवर्षे थांबतात, काहीजण ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून नको ते घेतात. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी बाजाराचे भविष्य कळावे लागत नाही. आपला हिशेब मांडता यायला हवा आणि कागद वाचता यायला हवेत.

आधी भाव उतरलेत हे ओळखायचे कसे ते पाहू. सोन्याचा किंवा शेअरचा असतो तसा घराचा रोजचा आकडा कुठे छापून येत नाही. घरांच्या बाजारात आधी व्यवहार थांबतात, भाव मागाहून उतरतात. मालक चाळीस लाख सांगतो, गिऱ्हाईक पस्तीसला तयार असते आणि वर्षभर कोणीच हलत नाही. कोकणात हे जास्तच घडते. मालक मुंबईला, घर बंद, डोक्यावर कर्ज नाही. विकले गेले नाही तरी त्याचे काही अडत नाही. तो भाव कमी करत नाही, विक्रीच पुढे ढकलतो. त्यामुळे ‘आमच्याकडे भाव कधी पडत नाहीत’ असे एजंट सांगतो तेव्हा तो बोलला जाणाऱ्या भावाबद्दल सांगत असतो. झालेल्या व्यवहाराचा भाव वेगळा असू शकतो.

बिल्डरही दर उतरवला असे उघड म्हणत नाही. आधीच्या गिऱ्हाइकांनी जास्त दराने घेतलेले असते, त्यांच्यापुढे नवा दर मांडणे त्याला परवडत नाही. मग पार्किंग फुकट मिळते, स्टॅम्प ड्यूटी बिल्डर भरतो, स्वयंपाकघराचे फर्निचर करून दिले जाते, ताबा मिळेपर्यंतचे व्याज तो सोसतो. या प्रत्येक सवलतीची रुपयांत किंमत करा आणि सांगितलेल्या किमतीतून वजा करा. जे उरेल ते कार्पेट क्षेत्रफळाने भागा. बोलताना अजून ‘सेलेबल’ चौरस फूट सांगितले जातात, पण रेरा कायद्याप्रमाणे विक्री कार्पेट क्षेत्रावरच व्हायला हवी. दोन इमारतींची तुलना करायची तर माप एकच धरा.

खरा भाव बघायची जागा म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे संकेतस्थळ. त्यावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरला की त्या मिळकतीच्या नोंदवलेल्या दस्तांची यादी येते, आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन उघडता येते. लोक तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. एका पानाचा हा कागद सावकाश वाचण्यासारखा आहे. वर दस्ताचा प्रकार असतो: साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. त्याखाली ‘मोबदला’, म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम. मग ‘बाजारभाव’, नावावरून फसू नका, हे सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडीरेकनरवरून, काढलेले मूल्यांकन असते. पुढे मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणार आणि लिहून घेणार, दस्ताची आणि नोंदणीची तारीख, भरलेले मुद्रांक शुल्क. आपल्या मनातल्या जागेच्या आसपासचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पाच-सहा दस्त काढा आणि मोबदला भागिले क्षेत्रफळ असा दर मांडा. काही व्यवहारांत रोखीचा भाग दस्तात येत नाही, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नका; चार-पाच एकत्र ठेवले की कल कळतो. त्याच इमारतीचे किंवा गटाचे दस्त वर्षावर्षाला कमी होत गेलेले दिसले, तर बाजार थंडावला आहे. भाव अजून बोलण्यात उतरला नसला तरी घासाघीस करायला जागा आहे.

पडता काळ किती टिकतो? महाराष्ट्राने पाहिलेली दोन उदाहरणे पुरेशी आहेत. मुंबईत १९९५च्या सुमारास भाव शिखराला पोचले आणि मग उतरत गेले. बाजार नीट सावरायला २००३-०४ उजाडले. या काळाच्या सुरुवातीला गृहकर्जाचा व्याजदर पंधरा टक्क्यांच्या घरात होता, अखेरीस तो आठ टक्क्यांच्या आसपास आला. दुसरा काळ २०१३-१४ ते २०२०चा. नोटाबंदी, मग महारेरा आणि जीएसटी, पुढे २०१८पासून वित्तसंस्थांकडची पैशाची चणचण. या काळात बहुतेक ठिकाणी आकड्यातला भाव फारसा कोसळला नाही, तो जागच्या जागी थांबला. पण महागाई वर्षाला पाच टक्के धरली आणि घराचा भाव सात वर्षे तेवढाच राहिला, तर खऱ्या मोलात ते घर जवळजवळ तीस टक्क्यांनी स्वस्त झालेले असते. ज्याचा पगार महागाईबरोबर वाढतो त्याला ते तेवढे आवाक्यात येते.

या दोन्ही काळांतून घेणाऱ्याला दिसते ते असे, की घरांचा बाजार उतरतो तो वर्षानुवर्षे आणि तळाशी बराच रेंगाळतो. शेअर बाजारात चार दिवसांत संधी निघून जाऊ शकते; इथे सहा महिने इकडे-तिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. ‘हाच तळ, आज टोकन द्या’ असे कोणी म्हणाले तर ती घाई त्याची आहे.

तळ शोधायचा नाही, तर मग घ्यायचे केव्हा? त्याचे उत्तर भाड्याशी तुलना केली की मिळते. हिशेबापुरते धरू, की रत्नागिरीतल्या एका फ्लॅटची किंमत ३० लाख आहे आणि तसाच फ्लॅट महिना ८,००० रुपये भाड्याने मिळतो. तुमच्याकडे ६ लाख आहेत, २४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घ्याल. हप्ता सुमारे २०,८०० रुपये बसतो. पहिल्या वर्षी या हप्त्यांतले जवळपास २ लाख रुपये नुसते व्याज असते. मुद्दलाची परतफेड खर्चात धरायची नाही, ती तुमचीच बचत आहे. तुमचे ६ लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३९,००० मिळवत होते, ते बुडाले. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, डागडुजी मिळून २०,००० धरा. म्हणजे स्वतःच्या घरात राहण्याचा पहिल्या वर्षाचा खरा खर्च २ लाख ६० हजारांच्या आसपास, आणि भाडेकरू म्हणून राहण्याचा ९६ हजार. फरक सुमारे १ लाख ६५ हजार, म्हणजे घराच्या किमतीच्या साडेपाच टक्के.

हा साडेपाच टक्क्यांचा आकडा जपून ठेवा. घराचा भाव वर्षाला तेवढा वाढणार असेल तरच घेणे आणि भाड्याने राहणे पैशाच्या दृष्टीने सारखे पडते. भाव स्थिर असला तर थांबणारा वर्षाला दीड-पावणेदोन लाख वाचवतो. भाव चार टक्क्यांनी उतरत असेल तर त्यात आणखी १ लाख २० हजारांची भर पडते. त्याच फ्लॅटचे भाडे ८,००० ऐवजी १४,००० असते तर फरक तीन टक्क्यांवर आला असता आणि थांबण्यात फारसा अर्थ उरला नसता. तेव्हा आपापल्या गावातले भाडे, आपापले व्याज घालून हे गणित वहीत मांडा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा करा. किंमत उतरते, भाडे वाढते, व्याज खाली येते तसा हा फरक आक्रसत जातो. तो दोन-तीन टक्क्यांवर आला की बाजार आणखी थोडा उतरण्याची शक्यता असूनही घर घेणे शहाणपणाचे असते. मात्र थांबलेल्या माणसाने हप्ता आणि भाडे यांतला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला टाकायला हवा. तो खर्च होऊन गेला तर थांबण्याचा फायदा फक्त वहीत राहतो.

यात आणखी एक अट आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सामान हलवणे हा घेतानाचा खर्च किमतीच्या सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो आणि तो परत मिळत नाही. बदलीची नोकरी असलेल्याने, पुढची सहा-सात वर्षे त्याच ठिकाणी राहण्याची खात्री नसताना, उतरत्या बाजारात घर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. उलट मुलांची शाळा, आईवडिलांचे वय, शेतीभाती यांमुळे जागा पक्की ठरलेली असेल, तर भाव वर्षभर आणखी उतरला तरी त्या घरात राहणाऱ्याचे रोजचे काही अडत नाही.

व्याजाबद्दल नेहमी विचारले जाते: भाव कमी होण्याची वाट पाहावी की व्याज? वरच्याच उदाहरणात व्याजदर एक टक्क्याने उतरला तर हप्ता सुमारे १,५०० रुपयांनी कमी होतो. किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि आपला वाटा त्याच प्रमाणात ठेवला तर सुमारे २,१०० रुपयांनी. पण मोठा फरक पुढे आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्याज नंतर उतरले तर फायदा मिळतो, मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येते. खरेदीखतात लिहिलेली किंमत मात्र पुन्हा उतरत नाही. म्हणून व्याज चढे आणि भाव पडलेला असा काळ घेणाऱ्याला दिसतो तितका वाईट नसतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० ते मे २०२२ चार टक्के होता, आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो साडेसहावर गेला. सात टक्क्यांखाली कर्ज घेतलेल्या कितीतरी कुटुंबांची मुदत त्यामुळे लांबली. आजच्या दरापेक्षा अडीच टक्के जास्त दराने हप्ता किती होतो ते आधी काढा. तेवढा हप्ता घरखर्च न ओढता देता येणार नसेल तर घर लहान घ्या.

सरकारी सवलतीची मुदत हाही घाईचा एक प्रकार. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१पर्यंत दोन टक्के सूट दिली. अडकलेला बाजार हलवण्यासाठी ती योग्यच होती, आणि त्या डिसेंबरात एकट्या मुंबईत एकोणीस हजारांहून जास्त घरांची नोंदणी झाली. पण ३० लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे ९० हजार. रांग लागली की विकणारा घासाघीस बंद करतो, आणि तेवढे पैसे तिथेच जाऊ शकतात. कायम असलेली सवलत आधी वापरा: १ एप्रिल २०२१पासून फक्त स्त्रीच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर लागत नाही.

उतरत्या बाजारातला एक सापळा फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. बाजार उतरला म्हणून रेडीरेकनर उतरत नाही. समजा, तुम्ही घासाघीस करून ३० लाखांत घर घेतले, पण सरकारी मूल्यांकन ३४ लाख निघाले. मुद्रांक शुल्क ३४ लाखांवर भरावे लागेल. एवढेच असते तर चालले असते. पण आयकर कायद्यानुसार मूल्यांकन दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर मधला पूर्ण फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. इथे ३० लाखांचे दहा टक्के म्हणजे ३ लाख आणि फरक ४ लाख. म्हणजे ४ लाखांवर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. किंमत ठरवण्याआधी त्या मिळकतीचे सरकारी मूल्यांकन काढून घ्या आणि घासाघीस कुठपर्यंत फायद्याची आहे ते पाहा. हे संकेतस्थळावर किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ध्या तासात कळते.

आता कुठे घ्यावे. या प्रश्नाला रत्नागिरी जिल्ह्याने फार महागडी उत्तरे पाहिली आहेत. गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. राजापूर तालुक्यात नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. पुढे बारसू-सोलगावचे नाव आले. प्रत्येक वेळी प्रकल्पाच्या बातमीबरोबर बाहेरच्या माणसांनी जमिनी उचलल्या आणि भाव फुगले. प्रकल्प हवा की नको हा वेगळा विषय. घर घेणाऱ्याने मात्र बातमीवर चढलेल्या भावाने राहायची जागा घेऊ नये. उतरत्या बाजारात अशी जागा सर्वात आधी आणि सर्वात खोल पडते, कारण तिथे भाड्याने राहायलाही कोणी नसते.

ज्या जागेची गरज माणसांच्या रोजच्या जगण्यातून निर्माण होते ती जागा टिकते. रत्नागिरी शहराला जिल्ह्याचे मुख्यालय, न्यायालय, महाविद्यालये, मिरजोळ्याची एमआयडीसी, रेल्वे स्थानक आहे. २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथला फ्लॅट रिकामा ठेवायची वेळ सहसा येत नाही. पालीचे बळ वेगळे आहे: दोन महामार्गांचा सांधा, आजूबाजूच्या वाड्यांची बाजारपेठ, आणि रत्नागिरीत नोकरी करून गावात राहण्याजोगे अंतर. इथे भाड्याचे गिऱ्हाईक कमी, म्हणून पालीतली जागा स्वतः राहायचे असेल तरच घ्यावी. पुढे विकून नफा काढू म्हणून घेऊ नये.

पालीत आणि हातखंब्याच्या पट्ट्यात महामार्गाचा विचार करावाच लागतो. चौपदरीकरणात रस्त्याकडेची घरे-दुकाने गेली, काहींच्या अंगणापर्यंत रस्ता आला. महामार्गालगत जागा स्वस्त सांगितली जात असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालच्या ३-अ आणि ३-ड अधिसूचनांत तो गट आहे का, हे प्रांत कार्यालयात पाहा. ३-ड निघाली की ती जमीन केंद्र सरकारकडे जाते, मालकाकडे उरतो फक्त मोबदल्याचा हक्क. रस्त्यालगत किती अंतर सोडून बांधता येते याचेही नियम आहेत. शिवाय उड्डाणपूल झाला की खालच्या दुकानाची वर्दळ कमी होते. राहत्या घराला तेच बरे.

कोकणात जागा दोनदा बघावी: एकदा एप्रिल-मेमध्ये, एकदा जुलैमध्ये. मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहते, टँकर लागतो का, नळ किती दिवसांनी येतो, हे शेजाऱ्यांना विचारा. सड्यावरच्या कातळात स्वस्त प्लॉट मिळतात, पण बोअरला पाणी लागेलच असे नाही आणि विहीर खोदायचा खर्च जागेच्या किमतीशी स्पर्धा करतो. जुलैमध्ये पऱ्ह्याचे पाणी कुठून वाहते, मागची दरड कशी आहे, गाडी दारापर्यंत जाते का, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का, हे डोळ्यांनी दिसते. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणमध्ये घर बघणारा प्रत्येकजण पूररेषा विचारतो. ती सवय जिल्हाभर लागायला हवी. चढत्या बाजारात दोन ऋतू थांबायला मालक तयार नसतो. उतरत्या बाजारात तो थांबतो. घेणाऱ्याला मिळालेला हा वेळ नुसता भाव पडायची वाट बघण्यात घालवू नये.

कोकणात ‘स्वस्त’ जागेमागे बरेचदा बाजार नसतो, कागद असतो. महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तो घ्या आणि आधी भोगवटादारांच्या नावांचा रकाना वाचा. एकाच खात्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतले काही दिवंगत, काही बोरिवली-डोंबिवलीला, काही बहिणी सासरी: हे इथले नेहमीचे चित्र. एक भाऊ ‘माझा हिस्सा विकतो’ म्हणून निम्म्या भावात द्यायला तयार होतो. त्याचा अविभक्त हिस्सा विकत घेता येतो, पण घेणाऱ्याला मिळतो तो वाटप मागण्याचा हक्क. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला त्या घरात सामाईक ताबाही मागता येत नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रे, वारस तपास पूर्ण आणि मोजणीचा नकाशा, हे असेल तरच व्यवहाराला बसा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे बहिणींची सही नसलेला व्यवहार स्वस्त असला तरी नको.

मग ‘इतर हक्क’चा रकाना. तिथे कुळाचे नाव, सोसायटी किंवा बँकेचा बोजा, कोणाची वहिवाट, कोर्टाचा मनाई हुकूम असू शकतो. जमीन कूळ कायद्याने मिळालेली असेल तर विक्रीवर बंधन असते. खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर २०१४च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून मार्ग निघतो. भोगवटादार वर्ग दोन दिसले तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो; मुंबईत वाढलेल्या, नावावर सातबारा नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्याकडे बिनशेती आदेश आणि नगररचना विभागाने मंजूर केलेले रेखांकन मागा. तुकडेबंदीचे नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून दस्त करायच्या आठवड्यात लागू असलेला नियम दुय्यम निबंधकाकडून समजून घ्या. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. तो घरपट्टी कोण भरतो एवढेच सांगतो. घराच्या नावाचा उतारा एकाकडे आणि खालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, अशी घरे गावोगाव आहेत.

फ्लॅट घेणाऱ्यांना वेगळी भीती असते: बाजार उतरला की विक्री थांबते, बिल्डरचा पैसा आटतो आणि इमारत तिसऱ्या मजल्यावर अडकते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर महारेराची नोंदणी लागत नाही. छोट्या शहरांतल्या बऱ्याच इमारती यात बसतात आणि तिथे घेणाऱ्याला ते कवच मिळत नाही. अशा ठिकाणी उतरत्या काळात तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलाच फ्लॅट घ्यावा, दहा टक्के महाग पडला तरी. नोंदणी असेल तर महारेराच्या पानावर किती सदनिका विकल्या गेल्या, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, प्रकल्पावर कर्ज किती, हे सगळे दिसते. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

बँकेच्या लिलावातली घरे अशा काळात वाढतात. जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ असेल तर आत अजून जुना मालक किंवा भाडेकरू राहत असतो आणि त्याला बाहेर काढेपर्यंत वेळ जातो. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तरच पुढचा विचार करा. बोली जिंकली की पंचवीस टक्के रक्कम त्याच किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत भरावी लागते. कर्ज आधी मंजूर नसेल तर तिकडे जाऊ नये. थकलेली घरपट्टी, वीजबिल, सोसायटीची बाकी घेणाऱ्याच्या गळ्यात येते, ती आधी लेखी विचारून बोलीतून वजा करा.

या सगळ्यानंतर घर पसंत पडले आणि हिशेबही बसला, तर आणखी उतरेल म्हणून अडून बसू नका. तुमचा भाव लेखी सांगा, त्याला पंधरा दिवसांची मुदत द्या आणि दुसरे घर बघत राहा. विसार देण्याआधी मात्र तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून करून घ्या. स्थानिक वर्तमानपत्रात हरकतींसाठी जाहीर नोटीस द्या आणि मुदत संपेपर्यंत थांबा. पैसे द्याल ते बँकेतूनच द्या: जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि व्यवहार फिसकटला तर रोखीने दिलेला विसार सिद्ध करायला तुमच्या हाती काहीच नसते.